ताटातला वाद : कांदा, अंडं आणि साखर

(इयत्ता ९ वी ते १२ वी. अर्थशास्त्र, भूगोल आणि वैचारिक निबंधलेखन या तिन्हींसाठी उपयुक्त)



मागच्या आठवड्यात वर्गात 'महागाई' हा घटक शिकवत होते. उदाहरण म्हणून सहज विचारलं, "कांदा स्वस्त झाला तर ते चांगलं की वाईट?"

पहिल्या बाकावरची एक मुलगी लगेच म्हणाली, "चांगलंच की मॅडम. पप्पांचा पगार तेवढाच राहतो. आई बाजारात गेली की आधी कांद्याचा भाव विचारते, मग पिशवी उघडते."

मागून आवाज आला, "तुमच्या आईला चांगलं. आमच्या दादांनी यंदा काढणीची मजुरी खिशातून भरली. कांदा विकून ट्रॅक्टरचं भाडंसुद्धा सुटलं नाही."

वर्ग एकदम शांत झाला आणि मग एकच गलका उठला. अर्धा वर्ग इकडे, अर्धा तिकडे. तास संपल्याची घंटा झाली तरी वाद थांबेना. मला मात्र त्या दोघांपैकी कोणालाच "तू चुकतोस" किंवा "तू चुकतेस" असं म्हणता आलं नाही, कारण दोघंही आपापल्या घरातलं खरं तेच सांगत होती.

त्या दिवशी अर्धवट राहिलेला तास आज या लेखात पूर्ण करू या. आपण तीन ओळखीचे पदार्थ घेणार आहोत: कांदा, अंडं आणि साखर. प्रत्येकाच्या मागे एक मोठा वाद आहे. तो नीट समजून घेतला की वर्तमानपत्रातली अन्नाविषयीची कुठलीही बातमी तुम्हाला स्वतःच्या डोक्याने वाचता येईल.

१. अन्नव्यवस्था म्हणजे काय?

अन्न म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शेत येतं किंवा स्वयंपाकघर येतं. पण या दोन टोकांच्या मध्ये केवढा पसारा आहे बघा! बियाणं, खत, पाणी, वीज, कर्ज, मजूर, बाजार समिती, आडते, व्यापारी, हमाल, गोदाम, ट्रक, कारखाना, रेशन दुकान, किराणा दुकान, सरकारी आदेश, आयात आणि निर्यात. शेवटी उरलेलं शिळं अन्न आणि कचरा. हे सगळं मिळून जी साखळी तयार होते तिला अन्नव्यवस्था म्हणतात.

या विषयावर बोलताना दोन शब्द नेहमी येतात. त्यांतला फरक आधी समजून घ्या.

* अन्नसुरक्षा: प्रत्येकाला, कायम, पुरेसं आणि पौष्टिक अन्न मिळणं. १९९६ साली रोममध्ये जागतिक अन्न परिषद झाली, तिथे ही कल्पना सविस्तर मांडली गेली. आपल्याकडे २०१३ चा राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा याच विचारातून आला.
* अन्न सार्वभौमत्व: काय पिकवायचं, कसं पिकवायचं आणि काय खायचं हे ठरवण्याचा हक्क लोकांकडे असणं. 'ला व्हिया कॅम्पेसिना' या छोट्या शेतकऱ्यांच्या जागतिक संघटनेने त्याच १९९६ मध्ये हा शब्द पुढे आणला.

थोडक्यात सांगायचं तर पहिली कल्पना विचारते, "पोट भरलं का?" दुसरी विचारते, "कशाने भरायचं, हे कोणी ठरवलं?" दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. रेशनवर फक्त गहू आणि तांदूळ मिळाला तर पोट भरेल. पण ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ज्वारीची भाकरी होत होती, त्या घरातलं ताट हळूहळू बदलेल. आपल्याकडे अनेक घरांत ते बदललंही. २०१३ च्या कायद्यात भरडधान्य १ रुपया किलोने देण्याची तरतूद होती. तरीही बहुतेक रेशन दुकानांत पोत्यांवर पोती दिसली ती गहू-तांदळाचीच.

२. पहिला वाद सत्तेचा : कांदा

नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावची बाजार समिती कांद्यासाठी देशभर प्रसिद्ध आहे. सकाळी ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा लागतात. व्यापारी ट्रॉलीतला कांदा हातात घेऊन बघतात, बोली लागते आणि काही मिनिटांत शेतकऱ्याच्या चार-पाच महिन्यांच्या कष्टाचा भाव ठरतो. शेतकरी बाजूला उभा असतो. भाव पटला नाही तर माल परत नेण्याचा हक्क त्याला आहे. पण परत नेण्याचं भाडं कोण देणार? आणि उद्या भाव याहून कमी निघाला तर? ज्याला थांबणं परवडतं त्याच्या हाती सत्ता असते. व्यापाऱ्याला थांबता येतं, शेतकऱ्याला बहुतेक वेळा येत नाही.

आता कांद्याचा हंगाम समजून घेऊ. महाराष्ट्रात कांदा तीन हंगामांत येतो: खरीप, रांगडा (उशिरा खरीप) आणि उन्हाळ (रब्बी). यांतला उन्हाळ कांदाच टिकतो. मार्च ते मे या काळात तो काढतात, कांदाचाळीत साठवतात आणि पुढचा खरिपाचा कांदा येईपर्यंत देश त्यावर चालतो. चाळीत ठेवलेला कांदा तेवढाच राहत नाही. वजन घटतं, काही सडतो, काहींना कोंब येतात. म्हणजे थांबणाऱ्या शेतकऱ्यालाही थांबण्याची किंमत मोजावी लागते.

आता ग्राहकाच्या एका रुपयाचा हिशोब पाहू. रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासानुसार, ग्राहक कांद्यासाठी जो एक रुपया देतो त्यातले सुमारे ३६ पैसे शेतकऱ्याला मिळतात. टोमॅटोत सुमारे ३३ आणि बटाट्यात सुमारे ३७ पैसे. गणित करून बघा: तुम्ही ३० रुपये किलोने कांदा घेतला, तर शेतकऱ्याच्या हातात साधारण १० रुपये ८० पैसे पडले. त्यातूनच रोपं, खत, औषध, लागण, काढणी आणि वाहतूक हा सगळा खर्च जायचा.

मग उरलेले ६४ पैसे 'दलाल खातात' का? वर्गात सगळ्यात जास्त ऐकू येणारं उत्तर हेच. ते अर्धंच खरं आहे. हमाली, तोलाई, गोणी, प्रतवारी, दिल्ली-कोलकात्यापर्यंतचा ट्रक, वाटेत सडलेला माल, हातगाडीवाल्याचं दिवसभराचं पोट हे सगळं त्यातच येतं. पण मधल्या टप्प्यांत खरेदीदार मोजके असतील तर त्यांना भाव दाबता येतो, हेही तितकंच खरं. महाराष्ट्रात २०१६ साली फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला. अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असंही ठरलं. कागदावर चांगला बदल झाला. पण बाजारात विकायला पर्यायच कमी असतील तर नुसत्या कायद्याने शेतकऱ्याचं बळ वाढत नाही.

आता या गोष्टीतला सगळ्यात ताकदवान खेळाडू बघा. तो म्हणजे सरकारी आदेश.

* ऑगस्ट २०२३ : कांदा निर्यातीवर ४० टक्के शुल्क. नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत निषेध म्हणून लिलाव बंद.
* ८ डिसेंबर २०२३ : निर्यातीवर थेट बंदी. आधी ३१ मार्च २०२४ पर्यंत, मग पुढे वाढवलेली.
* ४ मे २०२४ : लोकसभा निवडणूक सुरू असतानाच बंदी उठली. पण टनाला किमान ५५० डॉलर निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क या अटींसह.
* सप्टेंबर २०२४ : किमान निर्यातमूल्याची अट गेली, शुल्क २० टक्क्यांवर आलं.
* १ एप्रिल २०२५ : शुल्क पूर्ण रद्द.

सरकार असं का वागतं? कारण कांदा महागला की शहरात संताप उसळतो आणि सरकारं हादरतात. १९९८ च्या दिल्ली विधानसभा निवडणुकीत कांद्याची महागाई हा गाजलेला मुद्दा होता आणि तिथलं सरकार पडलं. कांदा स्वस्त झाला तर मात्र संताप गावात राहतो. रस्त्यावर ओतलेल्या कांद्याचा फोटो येतो आणि दोन दिवसांत विसरला जातो. १९८० च्या सुमारास चाकणच्या कांदा आंदोलनातून पुढे आलेले शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांनी याच दुखण्याला 'इंडिया विरुद्ध भारत' असं नाव दिलं होतं. शेतमालाचा भाव मुद्दाम खाली ठेवला जातो, हे त्यांचं मुख्य म्हणणं होतं.

पण पहिल्या बाकावरच्या मुलीची बाजू विसरू नका. रोजंदारीवर जगणाऱ्या घरात मिळकतीचा मोठा भाग अन्नावरच जातो. तिथे कांदा ६० रुपये झाला की तो भाजीतून जातो. म्हणून "भाव वाढू द्या, बाजारावर सोडा" हेही पुरेसं उत्तर होत नाही. खरा प्रश्न असा: गरीब ग्राहकाला स्वस्त अन्न द्यायचं असेल, तर त्याचा खर्च सगळ्या समाजाने उचलायचा की एकट्या शेतकऱ्याने? निर्यातबंदीत तो एकटा शेतकरी उचलतो. सरकारने चांगल्या भावाने खरेदी करून राखीव साठा ठेवला आणि टंचाईत स्वस्त विकला, तर तो खर्च सगळ्यांच्या करातून जातो. दोन्ही धोरणांचा हेतू तोच असतो, ओझं मात्र वेगवेगळ्या खांद्यांवर पडतं.

३. दुसरा वाद मूल्यांचा : शाळेतलं अंडं

मूल्य म्हणजे काय योग्य आणि काय अयोग्य याबद्दलची आपली धारणा. अन्नाइतकी मूल्यं दुसऱ्या कुठल्याच वस्तूला चिकटलेली नाहीत. काय खावं, कोणाच्या हातचं खावं, उपवासाला काय चालतं यावरून घरं आणि गावं ठरत आली आहेत.

आपल्या शाळेत दुपारी जी खिचडी शिजते तिच्यामागे मोठा इतिहास आहे. २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत मुलांना शिजवलेलं ताजं अन्न द्यावं. त्याआधी अनेक राज्यांत कोरडं धान्य वाटलं जाई. आज या योजनेला 'प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण' म्हणतात. आपल्यासाठी मात्र ती अजूनही 'खिचडी'च.

नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राने या आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं. अंडं न खाणाऱ्या मुलांसाठी केळं किंवा दुसरं फळ. त्यावरून वाद सुरू झाला. जानेवारी २०२५ मध्ये राज्याने अंड्यासाठीचा आपला वेगळा निधी थांबवला. शाळांना द्यायचं असेल तर लोकसहभागातून द्यावं, असं सांगितलं गेलं.

दोन्ही बाजूंचं म्हणणं प्रामाणिकपणे मांडू या.

*अंड्याच्या बाजूने:* एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम उत्तम दर्जाची प्रथिनं असतात. त्यात भेसळ करता येत नाही. पातळ वरणात पाणी वाढवता येतं, अंड्यात नाही. मुलांना ते आवडतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या सुमारे ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आढळली. अशा राज्यात स्वस्त प्रथिनं सोडून देणं परवडणारं नाही.

*विरोधाच्या बाजूने:* शाळा सगळ्यांची आहे. काही कुटुंबांसाठी शाकाहार ही श्रद्धेची गोष्ट आहे. एकाच पंगतीत अंडं आलं तर आपल्या मुलांवर दबाव येईल, अशी त्यांना भीती वाटते. शेंगदाणे, डाळी, दूध यांतूनही प्रथिनं देता येतात, असं ते म्हणतात.

दोन्ही बाजू ऐकल्या? आता नीट विचार करा. ज्या मुलाला नको आहे त्याला अंडं न खाण्याची मोकळीक त्या निर्णयातच होती. निधी थांबल्यावर मात्र ज्या मुलाला हवं आहे आणि ज्याच्या घरी परवडत नाही, त्याच्याकडे कुठला पर्याय उरला? ज्या घरात सकाळी उकडलेलं अंडं किंवा ग्लासभर दूध मिळतं त्या मुलाचं काहीच बिघडलं नाही. लोकसहभाग म्हणाल, तर ज्या गावात देणारे हात आहेत तिथे तो मिळेल. ज्या पाड्यावर गरज सगळ्यात जास्त, तिथे वर्गणी कोण काढणार?

माझं मत मी लपवत नाही. मला अंडं परत यावं असं वाटतं, आणि केळ्याचा पर्यायही तितक्याच सन्मानाने असावा असं वाटतं. तुमचं मत वेगळं असू शकतं. पण मत मांडताना एक नियम पाळा: आपल्या मूल्याची किंमत आपण स्वतः मोजतो आहोत की दुसऱ्याच्या मुलाला मोजायला लावतो आहोत, हे आधी तपासा. हा नियम माझ्यासारख्या अंड्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही लागू आहे. पंगतीत कोणाला चिडवलं जात असेल तर ती जबाबदारी आम्हा शिक्षकांची.

४. तिसरा वाद शाश्वततेचा : साखर

शाश्वतता म्हणजे आजची गरज अशी भागवायची की उद्याच्या माणसांनाही त्यांची गरज भागवता यावी. विहीर आज उपसून रिकामी केली तर आजचं पीक येतं, पण उद्याचं काय?

एप्रिल २०१६ मधली गोष्ट. लातूर शहराला प्यायला पाणी उरलं नव्हतं. मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीतून सुमारे ५ लाख लिटर पाणी आलं. त्याच मराठवाड्यात साखर कारखाने होते आणि उसाचे मळेही होते. राज्यातल्या एकूण पीकक्षेत्राच्या साधारण ४ टक्के जमिनीवरचा ऊस सिंचनाच्या पाण्याचा सुमारे ७० टक्के वाटा घेतो, हा आकडा त्या काळातल्या चर्चेत वारंवार मांडला गेला. त्याआधी १९९९ मध्येच माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील जल व सिंचन आयोगाने पाण्याची तूट असलेल्या भागांतल्या उसाबद्दल इशारा दिला होता.

मग शेतकरी ऊस का लावतो? त्याला पाण्याची किंमत कळत नाही का? कळते, आपल्यापेक्षा जास्तच कळते. पण त्याच्या जागी बसून हिशोब करा.

| | ऊस | ज्वारी |
|---|---|---|
| भाव | कारखान्याने एफआरपी देणं बंधनकारक (२०२५-२६ साठी क्विंटलला ३५५ रुपये, १०.२५ टक्के उताऱ्यावर) | हमीभाव जाहीर (२०२५-२६ साठी संकरित ज्वारीला क्विंटलला ३,६९९ रुपये), पण त्या भावाने खरेदी होईलच असं नाही |
| गिऱ्हाईक | ठरलेलं, कारखाना | बाजारात जो येईल तो |
| तोडणी | टोळी येऊन तोडते | काढणी स्वतः करायची, मजूर मिळत नाहीत |
| जोखीम | अवकाळी पाऊस, वारा बऱ्यापैकी सोसतो | पाखरं, पाऊस, काळी पडणारी कणसं |
| कर्ज | सहज मिळतं | मिळायला अवघड |

(एका एकरात ऊस आणि ज्वारी किती क्विंटल निघते यात मोठा फरक आहे, म्हणून क्विंटलच्या भावांची थेट तुलना करू नका.)

तक्ता वाचल्यावर कळतं की शेतकरी ऊस निवडतो तो लोभापायी नव्हे. बाकी कुठल्याही पिकापेक्षा त्यात कमी झोप उडते, म्हणून निवडतो. आणि ही व्यवस्था आकाशातून पडली नाही, माणसांनी बांधली. १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला. सावकाराच्या आणि खासगी कारखानदाराच्या तावडीतून छोट्या शेतकऱ्याला सोडवणं हा त्यामागचा मोठा विचार. त्यातून शाळा, कॉलेजं, दवाखाने, दूधसंघ उभे राहिले. एका पिढीला ज्या व्यवस्थेने ताठ मानेने उभं केलं, तीच पुढे पाण्याच्या प्रश्नाचा एक भाग बनली. अलीकडे त्यात इथेनॉलची भर पडली. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं लक्ष्य २०२५ मध्ये गाठलं गेलं. त्यामुळे उसाला आणखी एक गिऱ्हाईक मिळालं.

आता या गोष्टीतला असा माणूस, जो वरच्या तक्त्यात 'टोळी' या एका शब्दात बसवला गेला: ऊसतोड कामगार.

दिवाळी झाली की बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून हजारो कुटुंबं कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादमाकडून आधी घेतलेली 'उचल' हंगामभर राबून फेडायची. पहाटे फडात जायचं, उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रक भरायचा, पाचटाच्या खोपीत राहायचं. आजारपण परवडत नाही, कारण एक दिवसाचा खाडा म्हणजे मजुरी तर जातेच, वर दंड. बीड जिल्ह्यात ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न समोर आला, तेव्हा २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. आपल्या चहातल्या चमचाभर साखरेमागे हेही आहे.

माझ्या आधीच्या शाळेत दिवाळीच्या सुट्टीनंतर हजेरी घेताना काही नावांना उत्तर येत नसे. पहिल्या वर्षी मी 'गैरहजर' लिहीत गेले. नंतर कळलं की ती मुलं आईवडिलांबरोबर फडावर गेलीत. साखरशाळा आहेत, हंगामी वसतिगृहं आहेत, काही मुलं आजीपाशी राहतात. पण एप्रिलमध्ये परत येणाऱ्या मुलाची गणितातली सहा महिन्यांची गळती कुठल्याच एफआरपीत धरलेली नसते.

५. तिन्ही वाद एकमेकांत कसे गुंतले आहेत?

समजायला सोपं जावं म्हणून आपण कांदा म्हणजे सत्ता, अंडं म्हणजे मूल्य आणि साखर म्हणजे शाश्वतता असे तीन कप्पे केले. प्रत्यक्षात तसं नसतं.

कांद्यातही मूल्य आहे: शहरी ग्राहकाचा हक्क मोठा की शेतकऱ्याचा? अंड्यातही सत्ता आहे: कोणाचा विरोध मंत्रालयापर्यंत पोचतो आणि कोणाची भूक पोचत नाही? उसात तर तिन्ही आहेत. कारखान्याची निवडणूक, पाण्याचं आवर्तन आणि ऊसतोड बाईचं आरोग्य हे तीन वेगळे विषय वाटतात, पण तिन्ही एकाच फडात भेटतात.

यातून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. अन्न स्वस्त दिसतं तेव्हा उरलेली किंमत कोणीतरी भरलेली असते. कधी शेतकरी भरतो, कधी मजूर, कधी भूजल, कधी एखादं मूल. ती कोण भरतंय हे शोधणं म्हणजेच अन्नव्यवस्थेचा अभ्यास.

बदल होतच नाही असं मात्र समजू नका. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. पण त्यांनी भाज्या, भात, वाल-घेवडे यांचं गावरान बियाणं जपलं, इतर बायकांना वाटलं आणि बियाण्यांची बँक उभी केली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कामाने निर्यातधोरण बदललं नाही. पण पेरणीच्या वेळी बियाण्यासाठी दुकानाच्या दारात उभं राहायचं की नाही, ही निवड त्या बायकांच्या हातात आली. सत्ता मिळवण्याचा तोही एक मार्ग आहे.

६. कुठल्याही बातमीला विचारायचे चार प्रश्न

हे चार प्रश्न वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा.

१. हा निर्णय कोणी घेतला, आणि तो घेताना कोणाला विचारलं?
२. यात फायदा कोणाचा आणि किंमत कोण मोजतंय?
३. या चर्चेत कोणाचा आवाजच नाही?
४. हे असंच चालू राहिलं तर दहा वर्षांनी पाणी, माती आणि माणसं यांचं काय होईल?

७. परीक्षेत लिहिताना

* "शेतकरी जगाचा पोशिंदा आहे" अशा वाक्याने निबंध सुरू करू नका. तपासणाऱ्याने ते त्या दिवशी चाळीस वेळा वाचलेलं असतं. एखादं प्रत्यक्ष उदाहरण घेऊन सुरुवात करा.
* सगळा दोष एकाच माणसावर टाकू नका. 'दलाल', 'सरकार', 'शहरी लोक' हे शब्द वापरले तर नेमकं कोण आणि काय केलं, तेही लिहा.
* आकडा लिहिला तर वर्ष लिहा. वर्ष नसलेल्या आकड्याला गुण मिळतीलच असं नाही.
* विरुद्ध बाजू मांडा आणि तिला तिचं सगळ्यात चांगलं वाक्य द्या. मगच तिचं खंडन करा.

८. उपक्रम

*उपक्रम १ : एका पदार्थाचा प्रवास.* आज रात्रीच्या जेवणातला एक पदार्थ निवडा. तो कुठून आला हे दुकानदाराला, आईला, शेजारच्या काकांना विचारा. वाटेत किती हातांतून गेला ते लिहा. जिथे उत्तर मिळालं नाही तिथे प्रश्नचिन्ह काढा.

*उपक्रम २ : वर्गातली बाजार समिती.* पाच गट करा: शेतकरी, व्यापारी, शहरी ग्राहक, हमाल आणि सरकार. 'कांदा निर्यातबंदी करावी का?' यावर प्रत्येक गटाने तीन मिनिटं बोलायचं. मग गटांची अदलाबदल करायची. शेतकऱ्याच्या मुलाने ग्राहक व्हायचं, आणि उलट.

*उपक्रम ३ : आजीची मुलाखत.* तुमच्या वयाची असताना आजी काय खायची, आठवड्यातून किती वेळा गव्हाची पोळी व्हायची, भात कधी मिळायचा, हे विचारा. आजचं ताट का बदललं, याची तिची कारणं तिच्याच शब्दांत लिहा.

स्वाध्याय

१. अन्नसुरक्षा आणि अन्न सार्वभौमत्व यांतील फरक उदाहरणासह स्पष्ट करा.
२. निर्यातबंदी आणि सरकारी राखीव साठा या दोन धोरणांत खर्चाचं ओझं कोणावर पडतं?
३. दुष्काळी भागातही शेतकरी ऊस का लावतो? तीन कारणं लिहा. ज्वारीसाठी कोणते बदल केले तर तो ज्वारीकडे वळेल, हेही सुचवा.
४. शालेय आहारात अंडं असावं का? दोन्ही बाजू मांडून स्वतःचं मत लिहा.

समारोप

उपक्रम २ आम्ही वर्गात करून पाहिला. अदलाबदल झाल्यावर त्या मागच्या बाकावरच्या मुलाला शहरी ग्राहक व्हावं लागलं आणि पहिल्या बाकावरची मुलगी शेतकरी झाली. तो उठला, थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "माझा पगार बारा हजार आहे आणि घरभाडं चार हजार. कांदा साठ रुपये झाला तर मी काय करू?" ती म्हणाली, "मी चाळीत ठेवलाय कांदा. अर्धा सडला. आता भाव आला तर तुम्ही निर्यात बंद करताय."

निर्णय काही झाला नाही. पण त्या दिवशी कोणी कोणाला "तुमच्या आईला चांगलं" असं म्हटलं नाही. सुटीत दोघं एकाच डब्यातली भाकरी खात होती, कांदा फोडून.

तुमच्या वर्गात हा उपक्रम करून बघा आणि काय झालं ते मला नक्की कळवा.